काही वर्षांसाठी आलेले म्यूलनबर्ग आजोबा

रानजाई | ७ ऑक्टोबर, रात्री ९.४०

आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर ट्रॅप नावाचं गाव आहे. गाव कसलं, एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना जुनी दगडी घरं. फिलाडेल्फियाच्या वायव्येला पंचवीस-तीस मैल. शेजारच्या कॉलेजव्हिलला औषध कंपन्या, त्यामुळे आपली माणसंही बरीच. अकरा वर्षं मी त्या रस्त्याने किराणा आणायला जातेय आणि अकरा वर्षं तिथल्या जुन्या चर्चची पाटी वाचायची राहून जात होती. या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. त्यांना संध्याकाळचं कुठे न्यायचं हा रोजचा प्रश्न, म्हणून एकदा गाडी आत वळवली.

चर्च १७४३चं. दगडी भिंती, दोन टप्प्यांत उतरणारं छप्पर, आत लाकडी बाकं आणि उंच व्यासपीठ. मूळ रूपात टिकलेलं आणि अजून वापरात असलेलं अमेरिकेतलं सगळ्यांत जुनं लुथेरन (मार्टिन लूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं) चर्च म्हणून ते ओळखलं जातं. मागच्या बाजूला थडगी. त्यातल्या एका आडव्या शिळेवर लॅटिन मजकूर आहे. त्याचा अर्थ साधारण असा की हा माणूस कोण होता नि केवढा होता, हे पुढच्या पिढ्यांना दगडाशिवायही कळेल. सासूबाई म्हणाल्या, "मग दगड कशाला लावला?" मला उत्तर सुचलं नाही, पण घरी येऊन वाचायला बसले ती अजून वाचतेच आहे.

त्या शिळेखालचा माणूस म्हणजे लुथेरन पाद्री हेन्री मेल्चिऑर म्यूलनबर्ग. जन्म ६ सप्टेंबर १७११, हॅनोव्हर संस्थानातल्या आइनबेक या गावी. मृत्यू ७ ऑक्टोबर १७८७, इथे ट्रॅपला. म्हणजे आजचीच तारीख, म्हणून आज लिहायला घेतलं.

वडील लहानपणीच गेले. शिक्षण अडखळत झालं, पण ग्योटिंगनचं विद्यापीठ नव्याने उभं राहत होतं, तिथे प्रवेश मिळाला. पुढे हाले शहरातल्या प्रसिद्ध अनाथालयाच्या शाळेत मास्तरकी केली. लुथेरन पंथातली जी भक्तिमार्गी चळवळ होती (पोथीपेक्षा मनाचा पालट मोठा मानणारी), तिचं हाले हे पंढरपूर म्हणा ना. १७४१मध्ये, नेमक्या तिसाव्या वाढदिवशी, हालेच्या त्या अनाथालयाचे प्रमुख फ्रांके यांनी त्यांना विचारलं की पेनसिल्व्हेनियातल्या विखुरलेल्या जर्मन लोकांना कुणी वाली नाही, काही वर्षं जाऊन बघता का?

काही वर्षं. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आम्हीही दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलो होतो. म्यूलनबर्ग पंचेचाळीस वर्षं राहिले आणि जर्मनीला पुन्हा कधीच गेले नाहीत.

आधी लंडनला काही महिने थांबून इंग्रजी शिकले. १७४२च्या जूनमध्ये जहाज निघालं ते सप्टेंबरच्या अखेरीस दक्षिणेला चार्ल्सटनला लागलं. पिण्याच्या पाण्याची इतकी टंचाई झाली की उंदीर व्हिनेगरच्या बाटल्यांची बुचं कुरतडून त्यात शेपट्या बुडवायचे आणि चाटायचे! हे त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. रोजनिशी हा त्यांचा खरा ठेवा. आयुष्यभर लिहिली. इंग्रजी भाषांतराचे तीन जाडजूड खंड आहेत. मी पहिल्याच्या मध्यावर आहे आणि पुढचे अधूनमधून चाळलेत.

२५ नोव्हेंबरला ते फिलाडेल्फियाला पोहोचले, तर त्यांच्या जागेवर आधीच दुसरे बसलेले! एक तर जर्मनीत पदावरून काढलेला आणि इथे येऊन पाद्री म्हणून मिरवणारा इसम. दुसरे साक्षात काउंट झिंझेनडॉर्फ, मोरेव्हियन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे पुढारी, सरदार घराण्यातले. त्यांनी वेगळं नाव घेऊन लुथेरन लोकांचं निरीक्षकपद स्वतःकडे घेतलं होतं. डिसेंबरच्या अखेरीस दोघांची समोरासमोर गाठ पडली. चर्चची नोंदवही कुणाकडे राहणार यावरून वाद. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, सगळं त्या वहीत. ज्याच्या हातात वही त्याचं चर्च. आपल्याकडे मंडळाच्या निवडणुकीनंतर सदस्यांची यादी आणि पासवर्ड कुणाकडे यावरून जे होतं, तेच. (आमच्या मंडळाबद्दल बोलत नाहीये. बोलतेय थोडंसं.)

म्यूलनबर्ग हटले नाहीत. फिलाडेल्फिया, ट्रॅप आणि न्यू हॅनोव्हर या तीन ठिकाणी घोड्यावरून फेऱ्या सुरू. पुढे न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मेरिलंड, जॉर्जियापर्यंत. न्यू यॉर्कला तर जर्मन, डच आणि इंग्रजी तिन्ही भाषांत प्रवचन करायचे. १७४८च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सगळ्या विखुरलेल्या चर्चांना एकत्र आणून पहिली कायमची संघटना बांधली. अमेरिकेतल्या लुथेरन पंथाचा पाया म्हणतात तो हाच.

पण मला खरं बोलायचंय त्यांच्या मुलांबद्दल. १७४५मध्ये लग्न झालं, बायको आना मारिया वायझर. अकरा मुलं झाली, सात जगली. तिन्ही मुलगे पाद्री व्हावेत ही बापाची इच्छा. १७६३मध्ये तिघांना शिकायला हालेला धाडलं. वयं सोळा, तेरा आणि नऊ. नऊ वर्षांचं पोर जहाजात बसवून महासागरापलीकडे! ज्या देशातून आपण निघालो तिथलं वळण मुलांना लागावं म्हणून त्यांना परत तिकडेच पाठवायचं, ही तळमळ मला फार ओळखीची वाटली. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मुलगा पाचवीत असताना पुण्याला आजीकडे ठेवला होता. दोन वर्षांत तो परत आला, मराठी छान, पण आई-बाबांशी अबोला.

तिघांचं काय झालं ते उद्या लिहिते. दहा वाजत आले.

---

पोपटी | ७ ऑक्टोबर, रात्री ११.०५

छान सुरुवात. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. सासूबाईंचा प्रश्न बिनतोड आहे.

---

मुक्कामपोस्ट | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

वाचतोय. एक शंका. अठराव्या शतकात इतके जर्मन तिकडे गेले कसे? त्यांच्याकडे जहाजाच्या भाड्याएवढे पैसे होते?

---

गावठी मिरची | ८ ऑक्टोबर, दुपारी १.३०

@मुक्कामपोस्ट, नव्हते. म्हणूनच ती पद्धत आली. भाडं उधार. जहाज फिलाडेल्फियाच्या धक्क्याला लागलं की ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांना उतरू द्यायचे नाहीत. शेतकरी, व्यापारी जहाजावर यायचे, माणसं पारखायचे, भाडं चुकतं करायचे आणि त्याबदल्यात तीन ते सहा वर्षं राबवून घ्यायचे. मुलं असतील तर एकवीस वर्षांची होईपर्यंत. आई एका गावी, बाप दुसऱ्या, लेकरं तिसऱ्याच घरी. नवरा किंवा बायको अर्धा प्रवास झाल्यावर वारली तर जगलेल्याने दोघांचं भाडं फेडायचं. आमच्याकडे सालगडी असायचा तसलंच, फक्त साल एक नाही.

आणि जर्मनीत गावोगाव दलाल फिरायचे. अंगावर भारी कपडे, खिशात घड्याळ, 'अमेरिकेत बघा कसं सोनं आहे' म्हणून सांगत. माणसामागे दलाली. म्यूलनबर्गनीही या दलालांविरुद्ध लिहिलंय. रानजाई म्हणतात ते 'विखुरलेले जर्मन' म्हणजे बरेचसे हेच लोक. त्यातून सुटून जमिनी घेतलेले, पण पोरांचा बाप्तिस्मा करायला माणूस नाही.

हे वाचून आखातात गेलेले आमच्या तालुक्यातले लोक आठवले. पासपोर्ट मालकाकडे.

---

ओसरी | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

रानजाईताई, एक छोटी दुरुस्ती सुचवते. मी अहमदनगरची, तीन पिढ्या ख्रिस्ती. आमच्यात 'पाद्री' कमी आणि 'पाळक' जास्त म्हणतात. लहानपणी रस्त्यात दिसले की आम्ही 'सलाम, पाळकसाहेब' म्हणायचो. आणि चर्चमधल्या लोकांना 'मंडळी' म्हणतात. इमारत म्हणजे चर्च नव्हे, माणसं म्हणजे मंडळी.

हे मुद्दाम सांगते कारण म्यूलनबर्ग यांचं ब्रीद होतं 'एक्लेसिया प्लांटांडा', म्हणजे मंडळी लावायची आहे. रोप लावतात तशी. मला 'लावणी' हा शब्द चपखल वाटतो (भाताची, फडातली नव्हे). आधी तरवा, मग चिखल, मग एकेक रोप वाकून. वाकल्याशिवाय होत नाही.

त्यांच्यासारखी माणसं मी लहानपणी पाहिलीत. आमच्या आजोबांच्या काळी पाळक सायकलवर वाड्या-वस्त्यांवर जात. पगार वेळेवर नाही, घरी आलेल्याला चहा मात्र हवाच. पाळकाच्या घरचं दार कधी बंद नसतं, त्यामुळे त्यांच्या बायकोला घर असं उरतच नाही. धाग्यात त्यांच्या बायकोबद्दल फक्त एक ओळ आहे म्हणून म्हटलं.

---

रानजाई | ८ ऑक्टोबर, रात्री १०.२०

@ओसरी, पाळक आणि मंडळी, दोन्ही शब्द आता वापरते. आना मारियांबद्दलही लिहिणार आहे, तुमचं म्हणणं बोचलं आणि पटलं. आधी मुलगे.

थोरला पीटर. हालेला अभ्यासात मन रमेना म्हणून बापाच्या संमतीने त्याला ल्यूबेकला एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. औषधांचा धंदा शिकेल अशी बापाची समजूत. प्रत्यक्षात पोरगा किराणा आणि दारू विकत होता. करार सहा वर्षांचा. तो पळाला आणि ब्रिटिश पलटणीबरोबर १७६७मध्ये अमेरिकेत घरी आला. बापाने त्याला परत वळणावर आणून पाळक केलाच. व्हर्जिनियातल्या वूडस्टॉकला नेमणूक झाली.

पुढची गोष्ट इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १७७६चा जानेवारी, इंग्लंडविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालेलं, पीटर व्यासपीठावरून बायबलातल्या उपदेशक पुस्तकाचा तिसरा अध्याय सांगतोय, प्रत्येक गोष्टीचा काळ असतो, लढाईचाही असतो. आणि मग झगा काढतो तर आत सैन्याचा गणवेश! माझ्या मुलीला शाळेत हेच सांगितलं. मी शोधलं तर ही हकीकत छापून आली ती १८४९मध्ये, घराण्यातल्याच एकाने लिहिलेल्या चरित्रात, म्हणजे सत्तरहून अधिक वर्षांनी. तेव्हा झग्याचं काय ते तुम्हीच ठरवा. पण तो पलटण घेऊन गेला, ब्रिगेडियर जनरल झाला, हे खरं. वॉशिंग्टनच्या संसदभवनात त्याचा पुतळा आहे आणि पुतळ्यातही झगा उतरतोच आहे.

मधला फ्रेडरिक न्यू यॉर्कला पाळक. त्याने भावाला खरमरीत पत्रं लिहिली की पाळकाने तलवार धरणं चूक. ब्रिटिश आले तेव्हा हाच बायकापोरांना घेऊन न्यू यॉर्कहून निघाला, शेवटी ट्रॅपला बापाच्या घरी मुक्काम. आणि १७७९मध्ये स्वतःच चर्च सोडून राजकारणात! १७८९मध्ये नव्या अमेरिकी लोकप्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती कोण, तर फ्रेडरिक म्यूलनबर्ग. पीटरही त्याच सभागृहात. तेव्हा बापाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

धाकटा, नऊ वर्षांचा असताना गेलेला गोटहिल्फ, तो तेवढा शेवटपर्यंत पाळक राहिला. लँकेस्टरला पस्तीस वर्षं. पण त्याचा जीव गवतात! मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. गवताच्या एका अख्ख्या प्रजातीला म्यूलनबर्गिया नाव आहे. इथल्या बागांमध्ये ते गुलाबी धुक्यासारखं गवत शरदात फुलतं ना, तेच. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी लावलंय. अकरा वर्षं हेही माहीत नव्हतं.

आता बापाची बाजू बघा. म्यूलनबर्गनी इंग्लंडच्या राजा जॉर्जशी निष्ठेची शपथ घेतलेली. तोच राजा हॅनोव्हरचाही, म्हणजे माहेरचा राजा. ओठावर घेतलेली शपथ मोडायची नाही, हा माणूसच तसा. एक मुलगा जनरल, दुसरा बंडखोरांच्या संसदेत. ब्रिटिश त्यांना जनरलचा बाप म्हणून संशयाने बघणार, इकडचे त्यांना राजनिष्ठ म्हणून. १७७७च्या शरदात तर बंडखोरांच्याच शिपायांनी ट्रॅपच्या चर्चमध्ये तळ दिला. म्हातारा बघायला गेला तर जमिनीवर पेंढा नि घाण, वेदीवर खाण्याचा पसारा, एकजण ऑर्गन वाजवतोय आणि बाकीचे गातायत. घरी येऊन रोजनिशीत लिहिलं. दुसरं करणार काय?

---

बाराखडी | ९ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

मी इथे दर रविवारी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे माझा कळीचा प्रश्न: भाषेचं काय झालं? म्यूलनबर्ग घरी जर्मन बोलत असणार. नातवंडं?

आणि तो किस्सा खरा का, की एका मताने जर्मन अमेरिकेची राजभाषा व्हायची राहिली आणि ते मत फ्रेडरिकचं होतं? आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका पाहुण्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

---

गावठी मिरची | ९ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

खोटा. व्हॉट्सअ‍ॅप यायच्या आधीचं व्हॉट्सअ‍ॅप. व्हर्जिनियातल्या काही जर्मन लोकांनी १७९४मध्ये अर्ज केला की कायदे जर्मनमध्येही छापा. राजभाषा वगैरे काही नाही. त्यावर चर्चा पुढे ढकलायचा ठराव ४१ विरुद्ध ४२ असा पडला. या एका मताची पुढे दंतकथा झाली.

फ्रेडरिकचं मोलाचं मत वेगळंच. १७९६मध्ये इंग्लंडबरोबर जॉन जे यांनी केलेल्या तहाच्या खर्चावर सभागृह दुभंगलं, तेव्हा त्याने अध्यक्ष म्हणून निर्णायक मत तहाच्या बाजूने टाकलं. त्यावरून चिडून त्याच्या मेहुण्याने त्याला भोसकलं! वाचला, पण पुढची निवडणूक काही लढला नाही.

---

रानजाई | ९ ऑक्टोबर, रात्री ८.३०

@बाराखडी, भाषेचं उत्तर ऐका आणि रविवारी वर्गात सांगू नका, मुलं जोरात येतील. १८०६मध्ये फिलाडेल्फियाच्या जर्मन मंडळीत भांडण पेटलं की उपासना इंग्रजीत करायची का. जर्मनवाले मतदानात जिंकले. हरलेले इंग्रजीवाले बाहेर पडले आणि त्यांनी सेंट जॉन्स हे नुसतं इंग्रजीतलं लुथेरन चर्च काढलं. त्या इंग्रजीवाल्यांचा म्होरक्या कोण? जनरल पीटर म्यूलनबर्ग. ज्या बापाने जर्मन वळण राहावं म्हणून पोराला समुद्रापार पाठवलं त्याचा थोरला. अर्थात पीटरची बाजूही मला कळते. त्याला चर्चमध्ये नातवंडं हवी होती, नुसती भाषा नको होती.

---

तंजावरी डबा | १० ऑक्टोबर, सकाळी ६.२०

फार वर्षांनी इथे लिहितोय, कारण हाले हे नाव वाचून राहवलं नाही. आम्ही तंजावरचे. घरात अजून ती जुनी मराठी बोलतात, तुम्हाला ऐकून हसू येईल.

त्याच हालेहून, त्याच अनाथालयाच्या मंडळींकडून १७०६ला तरंगंबाडीला (तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं गाव) पहिले मिशनरी आले. लंडनमधले त्यांचे धर्मगुरू त्सीगनहागन तरंगंबाडी आणि पेनसिल्व्हेनिया दोन्हीकडचा कारभार बघायचे. म्यूलनबर्ग लंडनला त्यांच्याकडेच होते. खुद्द म्यूलनबर्ग यांचं नाव आधी हिंदुस्थानातल्या कामासाठी चर्चेत होतं. म्हणजे थोडक्यात हुकलं.

१७५०मध्ये हालेचाच क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्त्झ तरंगंबाडीला आला. तमिळ, फारशी आणि आमच्या दरबारासाठी मराठीही शिकला. १७८७मध्ये, म्यूलनबर्ग वारले त्याच वर्षी, तंजावरचे तुळजाजीराजे भोसले गेले. जाण्यापूर्वी दत्तक मुलगा सरफोजी याला त्यांनी श्वार्त्झच्या हवाली केलं. पुढे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवणारे सरफोजी महाराज ते हेच. श्वार्त्झ १७९८ला वारला, अविवाहित. सरफोजींनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करून घेतलं. श्वार्त्झ मृत्युशय्येवर आणि महाराज त्याचा हात धरून उभे. शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये आहे, लहानपणी आम्ही ते बघायला जायचो.

महाराज ख्रिस्ती झाले नाहीत, श्वार्त्झनेही सक्ती केली नाही. स्वतःचं मूल नसलेल्या त्या जर्मनाच्या थडग्यावर शोकाच्या ओळी एका भोसल्याने लिहिल्या, त्याही इंग्रजीत.

---

पोपटी | १० ऑक्टोबर, सकाळी ९.००

कुठून कुठे! तंजावरी डबा, वेगळा धागा काढा ही विनंती.

---

मुक्कामपोस्ट | १० ऑक्टोबर, सकाळी ११.३५

+१. आणि रानजाई, आना मारिया राहिल्या.

---

रानजाई | ११ ऑक्टोबर, रात्री ११.१५

हो. तीन रात्री शोधतेय, कारण जे आहे ते सगळं नवऱ्याच्या रोजनिशीत, तिच्या हातचं मला काही सापडलेलं नाही.

आना मारियाचे वडील कॉनराड वायझर. तेही जर्मन, चौदाव्या वर्षी बापाबरोबर आले. मोहॉक या मूळ अमेरिकी लोकांमध्ये एक हिवाळा राहून भाषा शिकले आणि पुढे वसाहत आणि इरोक्वाय टोळ्या यांच्यातले सगळ्यांत विश्वासू दुभाषे झाले. म्हणजे ही मुलगी अशा घरातून आली की जिथे मूळ रहिवाशांचे पुढारी, गव्हर्नरांचे निरोप, सगळ्यांची ये-जा. लग्न झालं तेव्हा तिला अठरावंही पूर्ण झालं नव्हतं, नवरा तेहतीसचा. अकरा बाळंतपणं. चार मुलांना माती दिली. नवरा आठवड्यातले अर्धे दिवस घोड्यावर. घरात कायम पाहुणे, प्रवासी, उमेदवार पाळक, हालेहून आलेली औषधं घ्यायला येणारे आजारी. ओसरीताई म्हणाल्या तसं, दार बंद नाहीच.

उतारवयात तिला फेफरं येऊ लागलं. वारंवार, जबर. म्यूलनबर्ग लिहितात आणि त्यांच्या लिहिण्यातली भीती कळते. १७७४मध्ये जॉर्जियातल्या मंडळीचं भांडण मिटवायला ते त्रेसष्टाव्या वर्षी निघाले तेव्हा ती बरोबर गेली, समुद्रमार्गे. युद्धात मुलं-नातवंडं ट्रॅपच्या घरात येऊन पडली तेव्हा स्वयंपाक कोण करत असेल ते काही रोजनिशीत नाही. शेवटच्या वर्षांत म्हाताऱ्याला ऐकू येईना, पाय सुजायचे, आणि तिची आकडी सांभाळायला घरात हेच. दोघं एकमेकांच्या उशाशी.

त्यांच्यानंतर ती पंधरा वर्षं जगली, १८०२पर्यंत. तिच्या लेकीचा मुलगा पुढे पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर झाला, पण ते तिने पाहिलं नाही.

काल एकटीच पुन्हा गेले. मोठ्या शिळेशेजारी तिची शिळा आहे. सासूबाईंना आज पुण्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी आले की तिच्यापाशी फुलं ठेवू." मी म्हटलं, गुलाबी गवत ठेवू, फाटकापाशी भरपूर आहे.

---

ओसरी | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

माझ्याही वतीने एक काडी ठेवा.